गरम सुई

डॉक्टरीणबाईंनी लंगोट सोडला तसा पोरीचा उजवा पाय मांडीच्या मध्यावर वाकला. जिथं वाकू नये तिथं. पोरगी रडली नाही. तोंड तेवढं उघडलं. त्यातून आवाज काढण्याइतकी ताकद अजून तिच्यात आलेली नव्हती.

“कधीपासून असं आहे?”

“सकाळपासून,” केशरबाई म्हणाली. ती पोरीची आजी. “ओला लंगोट बदलवला, बस. मीच बदलवला. सात लेकरं वाढवले म्या बाई, एकाचं नखबी मोडलं नाही माह्या हातानं.”

सून लिलाबाई भिंतीशी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

पोरगी सातव्या महिन्यातच झाली होती आणि आता सहा आठवड्यांची होती. इंझोरीहून तिला कापसात गुंडाळून, टोपलीत ठेवून, एस.टी.नं आणलं होतं. मंगरूळपीर आणि कारंज्याचे रस्ते जिथं फुटतात तिथं, फाट्यावर, हा दवाखाना होता. कंपाउंडर उकंडरावांनी तिला औषधाच्या तराजूत ठेवलं. सव्वा किलोलाही थोडी कमीच भरली. पुढे कैक वर्षं हा प्रसंग सांगताना उकंडराव म्हणत, की तिला आपण ज्वारीच्या भाकरींनी तोललं. तीन भाकरी आणि वर एक कांदा, आणि तो कांदाही शेवटी काढून घ्यावा लागला. एवढं सोडलं तर बाकीची गोष्ट ते बरीचशी झाली तशी सांगत. फक्त शेवट कधी सांगत नसत.

डॉ. ललिता खोडके चार महिन्यांपूर्वी नागपूरहून इथं आल्या होत्या. त्यांनी पोरीच्या पायाला लाकडाची पातळ पट्टी लावली, कापसावरून हलक्या हातानं बांधली, आणि मग केशरबाईकडे वळल्या.

“तुमच्या हाताची चूक नाही. आईच्या पोटात शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत बाळाच्या हाडांत चुना भरतो. ही त्याआधीच बाहेर आली. हाडं आहेत, पण मऊ आहेत.”

केशरबाई उकंडरावांकडे पाहू लागली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं फाट्यावरच्या लोकांना त्यांच्याकडूनच कळून घ्यायची सवय होती.

“भिंत उभी झाली माय,” उकंडराव म्हणाले, “पण गिलावा व्हायच्या आंधी मिस्तरी पळाला.”

“मंग चुना पाजा तिले. निवळी पाजतो आमी लेकरांले.”

“दूधच ठरत नाहीये पोटात. पोट बघा कसं फुगलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शिरेतून द्यावं लागेल. साखरेच्या पाण्यात मिसळून, थेंब थेंब. नाही दिलं तर उद्या दुसरा पाय, परवा बरगडी. बरगड्या मऊ पडल्या की श्वास ओढता येत नाही.”

त्या उठून कपाटाशी गेल्या.

“उकंडराव, कॅल्शियमच्या कुप्या किती आहेत?”

“असतीन पंधरा-वीस.”

“मोजा.”

तेरा निघाल्या. चौदावी खोक्याच्या कोपऱ्यात फुटलेली होती.

“दिवसाला एक,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तेरा दिवस. तोवर दूध पचायला लागेल, आणि एक तारखेला अकोल्याहून पेटी येईल. यातली एकही दुसऱ्या कोणाला द्यायची नाही.”

“एकही?”

“तुमची ती गरम सुई बंद.”

उकंडरावांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत डोक्यावर ठेवली.

गरम सुई हा उकंडरावांचाच शोध होता, निदान फाट्यावर तरी. डॉक्टरीणबाई येण्याआधी दोन वर्षं दवाखान्याला डॉक्टर नव्हता आणि कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. कॅल्शियमचं पाणी शिरेत सावकाश सोडलं की माणसाच्या अंगातून ऊब उसळते. आधी घसा, मग कान, मग पोटातून उतरत थेट तळपायापर्यंत. ज्या औषधानं एवढं होतं ते औषध, बाकी सगळं पाणी, असं आसपासच्या वीस गावांनी ठरवून टाकलं. कंबर धरली, गरम सुई. कामात मन लागत नाही, गरम सुई. वर उकंडराव गोष्टी पुरवत. कारंज्याच्या एका अडत्याला सुई दिली, तर घरी जाऊन त्यानं तळहातावर भाकर घेतली आणि ती फुगली. एक गाडीवान सुई घेऊन थंडीत गाडीखाली झोपला, तर सकाळी त्याच्या अंगाभोवती गावची सगळी कुत्री दाटीवाटीनं झोपलेली. ऐकणारे हसत आणि बाही वर करत.

यांतले सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे पंजाबराव. फाट्यामागची काळी जमीन त्यांची, दवाखान्याची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. दर बाजाराच्या दिवशी ते यायचे, ओसरीवरच्या लाकडी खुर्चीत बसायचे आणि साऱ्या बाजारादेखत सुई घ्यायचे. आत खोलीत जाऊन घेतलेली सुई कोणाला दिसणार? सुई झाली की ते आज किती गरम होती ते सांगत. कमी वाटली तर तेही सांगत, आणि मोठ्यानं सांगत. एकदा त्यांनी नुसतं “कोमट” म्हटलं होतं, तर त्या आठवड्यात उकंडरावांकडे चहा प्यायलासुद्धा कोणी आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी नागपूरहून येताना चार अगदी बारीक सुया आणल्या होत्या. त्यांतली एक पोरीच्या डोक्याच्या शिरेत बसली. वर सलाइनची बाटली टांगली गेली.

“काय लटकवून राह्यले हे?” केशरबाईनं विचारलं.

“औषध.”

“पाण्यावानी दिसते.”

“औषध पाण्यावानीच दिसते, केशरबाई. पंजाबराव घेते ना दर बाजारी, तेच हाय हे.”

हे म्हणताना आपण काही विशेष बोललो असं उकंडरावांना वाटलं नाही. पण केशरबाईची मान वर आली. तिनं पंजाबरावांच्या वावरात वीस वर्षं निंदण केलं होतं. छप्पन साली घरानं बुद्धाचा धम्म घेतला, पुढे मुलगा जगदेव रस्त्याच्या कामावर सरकारी मुकादम झाला, आणि तिनं ते वावर सोडलं. आधी ती पंजाबरावांना मालक म्हणे. आता काहीच म्हणत नसे.

“तेच? पक्कं तेच?”

उकंडरावांनी रिकामी कुपी दाखवली. तिच्यावर लाल अक्षरं होती.

“वाचता नाही येत मले, पण लाल कळते,” केशरबाई म्हणाली. “लय पाह्यलं म्या असं. दुष्काळात दुधाची भुकटी आली, तवा मोठ्यांच्या घरी दूध गेलं आन् आमच्या लेकरांले भांड्याचं धुवण. आता त्याले औषध आन् माह्या नातीले पाणी, असं नसंन कशावरून?”

“आता काय लिहून देऊ काय तुले?”

“लिहून कायले? मी पाह्यतो ना. चार दिसानं बाजार हाय. माह्या डोळ्यासमोर, याच लाल अक्षराची सुई त्याले दे. त्याले गरमी आली तर औषध खरं. नाही आली तर माही पोट्टी उचलतो आन् दुपारच्या गाडीनं इंझोरीले जातो. मरन तर घरी मरन. पाण्यावर कायले मरन?”

ती हे शांतपणे बोलली. लिलाबाईनं सासूकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

खोलीच्या बाहेर डॉक्टरीणबाईंनी उकंडरावांना गाठलं.

“पंजाबरावांना मीच सांगते, सुई मिळणार नाही म्हणून.”

“सांगा जी. मंग केशरबाईले काय दाखवता?”

“तुम्हाला कोणी सांगितलं होतं तिला ते बोलायला?”

“खरं बोललो बाई. सवय नाही, त्याच्यानं फसलो.”

पंजाबरावांना विश्वासात घ्यावं, गरम नसली तरी गरम म्हणा अशी गळ घालावी, हे दोघांच्याही मनात आलं नाही. जो माणूस कोमटाला कोमट म्हणाल्याशिवाय राहत नाही, त्याला काय सांगायचं?

चार दिवस उकंडराव पोरीच्या टोपलीशी बसून होते. काम सोपं होतं आणि भयंकर होतं. थेंब मोजायचे. भराभर गेले तर हृदय थांबतं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आणि सुई शिरेतून सरकून औषध कातडीखाली गेलं तर मांस जळतं. तिसऱ्या दिवशी सुईभोवती लालसर फुगवटा दिसला. उकंडरावांनी हाक मारायच्या आधीच नळी चिमटीत दाबून बंद केली. डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, दुसऱ्या बाजूला दुसरी घातली. टोपलीत दोन्हीकडे गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असत; त्या थंडावल्या की लिलाबाई बदलत असे.

“नाव काहून असं ठेवलं तुमच्या मायनं?” एकदा केशरबाईनं विचारलं. “उकंडा!”

“माह्या आंधीचे तीन भाऊ गेले ना. म्हून मले जनमल्याबरोबर उकंड्यावर नेऊन टाकलं. टाकलं म्हंजे आपलं, मरणाले वाटावं कचरा हाय, नेऊ नये. आता पाय, टाकलं आन् माय विसरली.”

“हॅट!”

“खरंच विसरली. मंग एक कोंबडी आली आन् बसली माह्यावर. तीन दिवस उठली नाही. सव्वा किलोचा होतो मीबी. चौथ्या दिसी मी उठून उभा राह्यलो, तर कोंबडी म्हणते, अंडं कुठं गेलं?”

लिलाबाई फसकन हसली आणि तिनं तोंडाला पदर लावला. केशरबाईही हसली, पण बाजाराचं विसरली नाही. संध्याकाळी तिनं पोरीचे लंगोट, दोन लुगडी आणि पितळेचा गडवा असं सगळं एका फडक्यात बांधून दाराशी ठेवलं. दुपारची गाडी चुकायला नको म्हणून.

बाजाराच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पाचवी कुपी फोडून बाटलीत रिती केली. कपाटात आठ राहिल्या. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. उकंडरावांनी त्यांची पाठ वळल्यावर पाचवी रिकामी कुपी उचलली. तिची मान तुटलेली होती, पण लाल अक्षरं शाबूत होती. ग्लुकोजच्या साध्या कुपीतलं साखरेचं पाणी त्यांनी या रिकाम्या कुपीत भरलं, मान परत वर ठेवली आणि अंगठ्यानं धरून ठेवली. साखरेच्या पाण्यानं कोणाचं वाईट होत नाही. गरमही होत नाही.

पौषातला वारा उत्तरेकडून ओसरीवर थेट येत होता. बैलगाड्या फाट्यापर्यंत लागल्या होत्या. ओसरीवर पंधरावीस माणसं दाटली होती. कोणी खोकल्याचं, कोणी गरम सुईच्या आशेवरचं. केशरबाई दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभी होती. तिच्यामागे खोलीचा पडदा अर्धवट सरकलेला होता.

पंजाबराव आले. अंगावर पांघरलेली जाड शाल, हातात काठी. खुर्चीत बसले, शाल खांद्यावरून ढळू न देता एक हात बाहेर काढला आणि बाही वर केली.

“काय रे उकंड्या, आज थंडीनं सुईबी गोठली काय?”

“गोठते काय जी? मंघा मी कुपी उघड्यावर ठिवली होती, तर तिच्या शेजारचा बर्फवाला आपला धंदा गुंडाळून पळाला.”

ओसरी हसली. पौषात फाट्यावर बर्फवाला कुठून येणार, हे कोणी विचारलं नाही. उकंडरावांनी कुपी उंच धरून सगळ्यांना दाखवली. केशरबाई पुढे आली, वाकली, लाल अक्षरं तिनं जवळून पाहिली आणि मान हलवली.

“हेच.”

मग उकंडराव किंचित वळले, अंगठ्याशेजारी बोट आणलं आणि कुपीची मान बाजूला केली.

“टक्.”

कुपी फुटताना होतो तो आवाज त्यांनी जिभेनं टाळूवर काढला. तसा बरा जमला होता. ओसरीतल्या कोणाला काही वाटलं नाही. पंजाबराव मात्र दोन वर्षांहून जास्त काळ हा आवाज हाताच्या अंतरावरून ऐकत आले होते. त्यांनी कुपीकडे पाहिलं नाही. उकंडरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

सुई शिरेत गेली. उकंडरावांनी दट्ट्या दाबायला सुरुवात केली, नेहमीपेक्षा सावकाश, आणि त्याहून सावकाश बोलायला.

“हं… निंघाली. दंडातून वर चालली. खांद्याशी आली. आता घशात पाहा जी… लागली काय घशात?”

पंजाबरावांची नजर अजून त्यांच्या तोंडावरच होती.

“लागतेच. आज थंडी हाय, तिले जरासा वेळ लागते. आता कानाच्या पाळीले… कान पाहा जी, लाल होऊन राह्यले. कोणी बिडी पेटवा रे कानावर.”

यावेळी कोणी हसलं नाही. सगळे पंजाबरावांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. केशरबाई सर्वांत जास्त. उकंडरावांच्या कपाळावर घाम आला होता. ओसरीत त्या वेळी घाम आलेला तो एकच माणूस होता. दट्ट्या अर्ध्यावर आला.

पंजाबरावांनी मान फिरवली. केशरबाई पुढे सरकल्यामुळे दार मोकळं झालं होतं. पडद्याच्या फटीतून आतली बाटली दिसत होती, तिची नळी खाली टोपलीत गेलेली. टोपलीच्या काठावरून लाकडाची पट्टी बांधलेला एक पाय बाहेर आला होता, त्यांच्या अंगठ्याहून जाड नसेल. खिडकीच्या कट्ट्यावर चार रिकाम्या कुप्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. लाल अक्षरांच्या. दाराशी बांधलेलं गाठोडं होतं.

पंजाबरावांनी गाठोड्याकडे पाहिलं, मग केशरबाईकडे. बऱ्याच वर्षांनी त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं असावं.

“तुही नात हाय काय व?”

“हो,” केशरबाई म्हणाली. पुढे काही जोडलं नाही.

उकंडरावांनी उरलेला दट्ट्या दाबला. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ऊब तळपायापर्यंत पोचायला हवी होती. त्यांनी सुई काढली, कापसाचा बोळा दाबला आणि ते वाट पाहत उभे राहिले.

पंजाबरावांनी बाही खाली केली. मग खांद्यावरची शाल काढली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली.

“बापा रे,” ते म्हणाले. “आज तर लयच गरम हाय.”

ओसरीतून सुस्काऱ्यासारखं काहीतरी गेलं.

“कानातून वाफा निंघून राह्यल्या,” पंजाबराव म्हणाले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. “आग हाय, आग. कोणी वारा घाला रे.”

एकानं पागोट्याच्या शेवानं वारा घातला. पंजाबराव सदऱ्याची वरची दोन बटणं सोडून, दोन्ही बाह्या वर सारून बसले. केशरबाई त्यांना थोडा वेळ न्याहाळत राहिली. मग वळली, दाराशी गेली, गाठोडं उचललं आणि खोलीच्या कोपऱ्यात नेऊन सोडलं. तिनं आतला गडवा काढून लिलाबाईच्या हातात दिल्याचा आवाज बाहेर आला.

“जाय व, पाणी तापवून आण. बाटल्या थंड झाल्या असतीन.”

डॉक्टरीणबाई खोलीत टोपलीशी बसून होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं असणार. त्या बाहेर आल्या नाहीत.

गरम सुईच्या आशेवर आलेल्यांना उकंडरावांनी पेटी एक तारखेला येणार म्हणून सांगितलं. पंजाबरावांची सुई पाहिल्यावर त्यांनाही वाट पाहणं सोपं गेलं. हळूहळू ओसरी रिकामी झाली. बाजार भरात आला होता. पंजाबराव उठले नाहीत. वारा तसाच येत होता. ते उघड्या गळ्यानं, हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसून होते, आणि केशरबाई मधूनमधून दारातून डोकावून त्यांच्याकडे पाहून जात होती.

उकंडराव सिरिंज धुवायला निघाले होते. पंजाबरावांच्या जवळून जाताना त्यांना त्यांचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत अंगावर काटा उभा होता, एकेक केस ताठ. ओठ निळसर झाले होते.

उकंडरावांनी खुर्चीवरची शाल उचलली.

“ठिव तिथंच,” पंजाबराव दातांवर दात दाबून म्हणाले. “गरम होऊन राह्यलं मले.”

उकंडरावांनी शाल परत ठेवली.

“किती दिवस अजून?” पंजाबरावांनी दाराकडे न पाहता विचारलं.

“आठ.”

पंजाबरावांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

“म्हंजे पुढच्या बाजारीबी गरमच होईन,” ते म्हणाले.